डिफ्रॅग अडकतं तेव्हा दुखणं दुसरीकडे असतं

नमस्कार. आज समोर शाळांच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे शिक्षक आहेत, छापखान्यांत डीटीपी करणारी मंडळी आहेत, आणि दुकानाचा जुना हिशेब अजून जुन्या मशीनवर ठेवणारेही काही जण आहेत. त्यामुळे ‘नवीन घ्या’ हा सल्ला मी देणार नाही. पेजमेकरमध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका, त्यांना लागणारे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट, पॅरलल पोर्टला लावलेला डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी चावी), हे सगळं विंडोज एक्सपीवर बसवलेलं आहे आणि ते चालू राहायला हवं. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट बंद केला म्हणून तुमचं काम थांबलेलं नाही.

तुमच्याकडून येणारी तक्रार साधारण एकच असते. मशीन स्लो झालं म्हणून डिफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाईलींचे तुकडे एकत्र आणणारं सॉफ्टवेअर, लावलं आणि ते पूर्णच होत नाही. कुणाचं दहा टक्क्यांवर अडकतं, कुणाचं सुरूच होत नाही, कुणाचं रात्री लावलेलं सकाळी तिथेच रेंगाळत असतं. मग बहुतेक जण दुसरं डिफ्रॅग सॉफ्टवेअर टाकतात आणि तेही त्याच जागी अडकतं. याचं कारण समजून घ्या. डिफ्रॅग डिस्कच्या कानाकोपऱ्यातला डेटा वाचतं, उचलतं आणि दुसरीकडे लिहितं. रोजच्या वापरात एवढं काम दुसरा कुठलाच प्रोग्रॅम करत नाही. डिस्क, केबल, फाईल सिस्टीम (डिस्कवर फाईली मांडायची पद्धत), यांतलं कुठलंही दुखणं त्याच्या वाटेत येणारच. म्हणून ते अडकलं की पुन्हा पुन्हा लावू नका. ते कशाला अडखळलं ते शोधा.

आधी थोडं गणित करू, म्हणजे डिफ्रॅगकडून अपेक्षा किती ठेवायची ते कळेल. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते. हवा तो सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा कप्पा, हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. हेड त्या ट्रॅकपर्यंत (डिस्कवरच्या त्या वर्तुळापर्यंत) न्यायला साधारण ९ मिलिसेकंद धरा. म्हणजे फाईलच्या प्रत्येक नव्या तुकड्यामागे १३ मिलिसेकंद गेले. फाईलचे हजार तुकडे असतील तर ती उघडताना नुसत्या हेडच्या धावपळीत १३ सेकंद जातात. फाईलचे चार तुकडे असतील, तर फरक डोळ्यांना जाणवणारही नाही. ‘एकूण फ्रॅगमेंटेशन इतके टक्के’ या आकड्यावर म्हणूनच मी फार विसंबत नाही. रिपोर्ट उघडून सर्वांत जास्त तुकडे कुठल्या फाईलचे आहेत ते बघा. अनेकदा एखादी मोठी मेलची फाईल किंवा व्हिडिओ निघतो. तो दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून इथून काढायचा आणि परत आणायचा. काम तेवढ्यावर भागतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डिफ्रॅग अडकलं की सर्वांत आधी डेटा बाहेर काढा. ही पायरी कुणीही गाळू नये. डिस्क मरायला टेकली असेल तर डिफ्रॅगची एक रात्र तिला पुरेशी होते, आणि तिच्यावर शाळेचा दाखल्यांचा डेटा असेल तर तो कुठल्याही दुकानातून विकत मिळत नाही. कॉपी करतानाच कान देऊन ऐका. एकाच फाईलपाशी मशीन थिजतं, आतून टक-टक असा ठरावीक आवाज येतो, असं झालं तर डिफ्रॅगचा विषय तिथेच संपवा.

डेटा सुरक्षित झाला की डिस्कची स्मार्ट माहिती वाचा. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या जुन्या आवृत्त्या एक्सपीवर चालतात. त्यात तीन ओळी शोधा. पाच नंबरची ओळ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून ताटकळलेले सेक्टर. १९७ च्या रॉ व्हॅल्यूत, म्हणजे मूळ आकड्यात, शून्याहून जास्त काही दिसलं तर डिफ्रॅग त्या सेक्टरवर अडकणार हे जवळजवळ ठरलेलंच. तिसरी ओळ १९९, डेटा केबलमधून येताना झालेल्या चुकांची. ही ओळ वाढत असेल तर मला उलट बरं वाटतं, कारण अशा वेळी डिस्क अनेकदा धडधाकट असते आणि दोष स्वस्तातल्या केबलचा निघतो.

या केबलपाशी जरा थांबतो, कारण ‘रात्रभर डिफ्रॅग’वाल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मला इथे सापडलं आहे. जुन्या मशीनमधली चपटी आयडीई केबल दोन प्रकारची असते, ४० तारांची आणि ८० तारांची. कनेक्टर दोन्हींचा सारखाच दिसतो, पण हाताला तारांचा बारीकपणा कळतो. हार्ड डिस्कला ८० तारांचीच हवी. निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टर डिस्कला, मधलं करडं स्लेव्हला. ती दुमडली, पिन सैल झाली की डेटा येताना चुका होतात. विंडोज त्या चुका मोजत असतं. एकूण सहा चुका झाल्या की ते डिस्कचा वेग एक पायरी खाली आणतं, मग आणखी एक, आणि शेवटी पीआयओ या सर्वांत संथ मोडवर येऊन थांबतं. सेकंदाला १०० मेगाबाइटची वाट १६.६ वर येते, आणि त्यातही प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो. स्क्रीनवर कुठलीही सूचना येत नाही. माऊस अडखळतो, गाणं तुटक वाजतं, आणि मालक म्हणतो, डिस्क फ्रॅगमेंट झाली असणार.

तपासायचं असं. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. आयडीई कंट्रोलर्सखाली प्रायमरी आयडीई चॅनल उघडा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘करंट ट्रान्स्फर मोड’ वाचा. तिथे अल्ट्रा डीएमए, म्हणजे वेगवान मोड, दिसलं पाहिजे. पीआयओ दिसलं, तर वरच्या यादीतून ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ निवडून सहसा काही होत नाही, कारण विंडोजने जुन्या चुकांची नोंद जपून ठेवलेली असते. आधी मशीन बंद करून केबल बदला. मग तो चॅनलच डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज चॅनल नव्याने ओळखतं आणि वेग परत देतं. त्यानंतर बऱ्याचदा डिफ्रॅगची गरजही राहत नाही.

दुसरं मोठं दुखणं आपल्याकडच्या विजेने दिलेलं आहे. लोडशेडिंगच्या काळात किती मशीन चालू अवस्थेत धाडकन बंद पडली असतील, ते तुम्ही जाणता. असं झालं की ड्राइव्हवर एक खूण राहते, तिला डर्टी बिट म्हणतात. लिहिणं अर्धवट राहिलं असण्याची शक्यता आहे, तपासून घ्या, एवढाच तिचा अर्थ. पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या स्क्रीनवर दहा सेकंदांची उलटी मोजणी येते आणि ‘तपासणी नको असेल तर कुठलंही बटण दाबा’ असं लिहिलेलं असतं. लॅबमध्ये तास सुरू व्हायचा असतो, मुलं पटकन बटण दाबतात. खूण तशीच राहते, आणि मग डिफ्रॅग म्हणतं, या ड्राइव्हवर चेकडिस्क, म्हणजे हीच तपासणी, लागायची आहे, ती आधी होऊ द्या. हे त्याचं अगदी रास्त म्हणणं आहे. मोडक्या नोंदींवर भरवसा ठेवून फाईली हलवणं धोक्याचं आहे.

यावर एक घातक उपाय सर्रास सांगितला जातो, चेकएनटीएफएस स्लॅश एक्स ही कमांड. त्याने सुरुवातीची तपासणी बंद होते, पण खूण आणि बिघाड जागेवरच राहतात. असा उपाय कुणी करून ठेवला असेल तर चेकएनटीएफएस स्लॅश डी देऊन तो आधी काढा. मग चेकडिस्क स्लॅश एफ लावा, रीस्टार्ट करा आणि बटणाला हात लावू नका. स्लॅश आर लावलं तर ती डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचते, त्याला कित्येक तास लागतात आणि आजारी डिस्कला तो ताण सोसत नाही. म्हणूनच डेटा आणि स्मार्ट या दोन गोष्टी मी आधी सांगितल्या.

जागेचं लवकर सांगून टाकतो. एक्सपीच्या डिफ्रॅगला निदान १५ टक्के जागा मोकळी लागते. सी ड्राइव्ह २० जीबीचा असेल तर तीन जीबी. सिस्टीम रिस्टोअर मोठ्या ड्राइव्हवर १२ टक्क्यांपर्यंत जागा घेतं, तो स्लायडर खाली आणा. हायबरनेशन (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद होणं) बंद केलं तर रॅमएवढी फाईल जाते. डिस्क क्लीनअप तर आहेच. डिफ्रॅगच्या चित्रात हिरव्या पट्ट्या दिसतात त्या न हलणाऱ्या फाईलींच्या, त्यात मुख्यतः पेज फाईल, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाईल, असते. तिचेच तुकडे झाले असतील तर सिसइंटर्नल्सचं पेजडिफ्रॅग हे छोटं टूल विंडोज सुरू होतानाच तिला एकत्र आणतं. नंतर पेज फाईलचा किमान आणि कमाल आकार सारखाच ठेवा, म्हणजे ती पुन्हा वाढून फुटत नाही.

विंडोज ९८ अजून चालवणारे कुणी आहेत का? हात दिसला, छान. तुमचं दहा टक्क्यांवरून परत शून्यावर येणं वेगळ्या कारणाचं आहे. डिफ्रॅग चालू असताना दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने डिस्कवर लिहिलं की ‘ड्राइव्हमधला मजकूर बदलला’ असं म्हणून ते पहिल्यापासून सुरू होतं. अँटीव्हायरस, स्क्रीनसेव्हर, ऑफिसचा फाइंड फास्ट, हे नेहमीचे यशस्वी कलाकार. आधी स्कॅनडिस्क (९८ ची डिस्क तपासणी), मग सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून, डिफ्रॅग. तिथे ते शेवटपर्यंत जातं. पण ९८ म्हणजे फॅट, फाईली मांडायची जुनी पद्धत, आणि फॅटला एनटीएफएस या नंतरच्या पद्धतीसारखी बदलांची जर्नल, म्हणजे नोंदवही, नसते. मध्येच वीज गेली तर फाईली हरवू शकतात. यूपीएसची बॅटरी नीट चालत नसेल तर फॅटच्या ड्राइव्हवर डिफ्रॅग लावूच नका.

एक्सपीत डिफ्रॅगची खिडकीच उघडत नसेल तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमध्ये डीएफआरजी नावाची आयएनएफ फाईल आहे. तिच्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हणा, हरवलेल्या नोंदी परत बसतात.

एक चिठ्ठी आली आहे, जुन्या मशीनला एसएसडी लावली तर डिफ्रॅग करायचं का? नाही. तिच्यात फिरणारं काही नाही, ते १३ मिलिसेकंद मुळात खर्चच होत नाहीत, आणि प्रत्येक हलवाहलवीत तिची लिहिण्याची क्षमता वाया जाते. विंडोज ७ एसएसडी ओळखतं आणि तिच्यावरचं डिफ्रॅग स्वतः बंद ठेवतं. एक्सपीला तेवढी समज नाही. उलट मशीन रिकामं असताना सुरुवातीच्या फाईली जवळ आणायचं काम ते आपणहून करत असतं. ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, बंद करावं लागतं, डीएफआरजीखालच्या बूट ऑप्टिमाइझ फंक्शनमध्ये एनेबलची किंमत एन. आणि आणखी एक, एक्सपीने केलेलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं, ते एसएसडीच्या आतल्या पानांशी जुळत नाही. पार्टिशन विंडोज ७ किंवा त्यानंतरच्या मशीनवर आधी करून घ्या, ते १ एमबीपासून सुरू होतं. मग त्याच पार्टिशनवर एक्सपी टाका, आणि सेटअप विचारेल तेव्हा ते डिलीट करू नका.