निकल उडालेली रिम

(पडवी. पागोळ्यांचा आवाज. एक हात ताडपत्री बाजूला सारतो.)

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत साधा खिळासुद्धा एका पावसाळ्यात तांबडा होतो. ही तर अख्खी मोटरसायकल! बाबांची येझदी रोडकिंग, १९८६ची. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण गाडी अजून पडवीत आहे. गेली नऊ वर्षं जागची हललेली नाही.

नशीब, इंजिन जाम नाही. किक खाली जाते. चाकांकडे मात्र बघवत नाही. बाबा म्हणतात, "रिमचं निकल उडालंय." क्रोमच्या मुलाम्याला आपल्याकडची जुनी माणसं सर्रास निकल म्हणतात. मी त्यांना कितीदा तरी सुधारलं असेल. आता कळतंय, तेच जास्त बरोबर होते.

रिम पोलादाची. तिच्यावर निकेलचा थर, साधारण १० ते २५ मायक्रॉन. आणि सगळ्यात वर क्रोम, जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून काय ते समजा. ती निळसर झाक क्रोमची, कडकपणाही क्रोमचा. पण गंजाला अडवून धरतं ते खालचं निकेल. त्याला भोक पडलं की पाणी थेट पोलादाला भिडतं. हे तांबूस ठिपके दिसताहेत ना, ते खालून वर आलेत.

(क्लोज-अप: निपलभोवती, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाभोवती, साचलेला मळ.)

आधी साबण. कंटाळवाणं काम आहे, पण टाळायचं नाही. कोमट पाणी, गाडीचा शांपू, जुना टूथब्रश. स्पोकच्या मुळाशी चिखल आणि चेनचं ग्रीस मिळून काळा राप बसलेला असतो. तो तसाच ठेवून घासलं, तर त्यातली वाळूच रिमवर चरे पाडते.

मग स्वयंपाकघरातलं फॉइल. पोळ्या गुंडाळतो तेच. तळहाताएवढा तुकडा चुरगळायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, म्हणून क्रोमला चरा जात नाही, गंज तेवढा सुटतो. बघा, पाणी तपकिरी झालं. बोटांना आधी करकर लागते, मग बोळा घसरायला लागतो. घसरला की हात थांबवायचा.

भांड्यांची तारेची घासणी नको. टॉयलेटचं ॲसिड तर मुळीच नको! कॉलेजात असताना मागच्या रिमवर मी स्वतः ते ओतलं होतं. फेस आला, गंज गेला, मी खूश. धुतल्यावर तेवढा पट्टा पिवळट दिसायला लागला. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला तेच वापरतात. पिवळट दिसत होतं ते उघडं पडलेलं निकेल.

(टायर उतरवलेला. रिमची आतली बाजू.)

खरा निकाल इथे लागतो. रिम टेप, म्हणजे ट्यूब आणि रिमच्या मधली पट्टी, कुजलेली. निपलच्या भोकांतून झिरपलेलं पाणी वर्षानुवर्षं आत मुरलेलं. पापुद्रे खरवडून टोच्याने टोचून बघायचं. खाली घट्ट पोलाद लागलं, तर आत प्रायमर मारून नवी टेप लावायची. भोकाभोवती पत्रा पातळ झाला असेल, तर बाहेरून कितीही चमको, ती रिम रस्त्यावर न्यायची नाही. आमच्या दोन्ही रिमा वाचल्या.

पुन्हा निकल करून घेता येतं. पण त्यासाठी सगळे स्पोक काढा, जुना थर उतरवा, बफिंग करा, आणि परत आल्यावर स्पोक भरून आऊट काढा, म्हणजे चाक डगमगू नये म्हणून स्पोक आवळून सरळ करा. बफिंगमध्ये पोलादही झिजतं. शिवाय प्लेटिंगच्या टाकीत वापरलं जाणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, त्यामुळे हा घरी करायचा उद्योग नव्हे. बाबांना विचारलं, करायचं का? म्हणाले, "राहू दे. पुढचं बरं आहे, मागचं मडगार्डाखाली लपतं."

(चाक स्टँडवर सावकाश फिरतंय.)

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गाड्या बाहेर काढतात, नेमक्या भर पावसात. म्हणून आज मेण. रिम कोरडी करून पातळ हात द्यायचा, म्हणजे पाणी टिकत नाही. बाबा स्टुलावर बसून फडकं फिरवताहेत. एका जागी फडकं थांबतं.

"हे तुझं काम," बाबा म्हणतात, आणि त्या पिवळट पट्ट्यावर जरा जास्तच मेण लावतात.