न निघालेले अडतीस फोटो

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी सहलींचे अल्बम आहेत, चांगले सात-आठ. त्यातल्या बहुतेक फोटोंत आम्ही भावंडं डोळे बारीक करून उभी आहोत. फोटो काढताना सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा बाबांचा दंडक. त्यामुळे तलाव असो, धबधबा असो की बागेतली घसरगुंडी, आमच्या तोंडावर ऊन आणि कपाळावर आठ्या. हे अल्बम कधीमधी कुणीतरी काढतं, पानं उलटतं आणि परत ठेवून देतं. त्या सहलींवर आमच्यात बोलणं असं होत नाही.

बोलणं होतं, आणि खरं सांगायचं तर भांडण होतं, ते एकाच सहलीवरून. तिचा एकही फोटो नाही.

मी तेव्हा आठ वर्षांची, ताई अकराची आणि धाकटा जेमतेम दीड वर्षाचा. आई, बाबा, आजी आणि आम्ही तिघं असे पहाटे निघालो. डोंगरमाथ्यावर एक ठिकाण होतं. तिथून म्हणे समोरचा कडा आणि खालची अख्खी दरी दिसते. बाबा महिनाभर त्या दरीचं वर्णन करत होते. त्यांनीही ती पाहिलेली नव्हती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

घाट सुरू झाला आणि ताईला गाडी लागली. ती मागच्या सीटवर गोष्टीचं पुस्तक वाचत बसली होती. गाडी लागण्यामागे एक मजेदार कारण आहे. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. गाडी वळली, हलली, वेग बदलला की त्याला कळतं. डोळे मात्र पुस्तकाच्या पानावर, आणि पान म्हणतं, मी तर जागचं हललो नाही. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि शिक्षा पोटाला होते. आईने हे कुठे वाचलं नव्हतं, पण इलाज तिला पाठ होता. तिने पुस्तक काढून घेतलं, ताईला पुढे बसवलं आणि ‘लांब डोंगराकडे बघ’ म्हणून सांगितलं. गाडी चालवणाऱ्याला सहसा हा त्रास होत नाही, कारण पुढचं वळण कुठल्या बाजूला आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. बाबांना आयुष्यात कधी गाडी लागली नाही. त्याचं श्रेय ते स्वतःच्या प्रकृतीला देत.

वर चढताना कानाला दडे बसले. आजी म्हणाली, आवंढा गिळा. गिळला की कान मोकळे. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी बारीक नळी गिळताना किंवा जांभई देताना उघडते आणि आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा होतो. धाकट्याला हे कसं समजावणार? तो रडला, आणि रडताना त्याचे कान आपोआप मोकळे झाले असावेत, कारण पुढच्या वळणावर तो झोपला.

बाबांच्या खिशात एक छोटा तापमापक असे. पायथ्याशी गाडी थांबवून, सावलीत धरून, त्यांनी वहीत आकडा लिहिला: 31. वर पोहोचल्यावर पुन्हा बघितलं: 25. मग गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून आम्हाला गणित. उंची 1000 मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, मग सहा अंशांना किती? भागाकार ताईने केला. उत्तर आलं साधारण 920 मीटर. समोरच्या पाटीवर मात्र भलताच मोठा आकडा होता. बाबा पाटीकडे बघत म्हणाले, पाटी चुकली असेल. आई धाकट्याला खांद्यावर घेऊन शांतपणे म्हणाली, “अहो, पाटी समुद्रापासून मोजते. तुम्ही पायथ्यापासून मोजताय.” बाबांनी वही मिटली. या प्रसंगावर मात्र आमच्या घरात मतभेद नाहीत. बाबा धरून.

आणि मग आम्ही कड्यापाशी गेलो, आणि तिथे काहीच नव्हतं.

कठडा होता. त्याच्या पलीकडे पांढरं. खालीही पांढरं, वरही पांढरं. एक किलोमीटरपलीकडचं दिसेनासं झालं की हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणतात. आम्हाला दहा पावलांवरची आजी अंधूक दिसत होती. खरं तर ते ढगच होते. पायथ्यावरून बघणाऱ्याला जो ढग डोंगरावर टेकलेला दिसतो, त्याच्या पोटात आम्ही उभे होतो. भुवयांवर, स्वेटरच्या लोकरीवर, धाकट्याच्या टोपीच्या गोंड्यावर पाण्याचे बारीक थेंब धरले होते. इतकी तयारी करून, इतक्या पहाटे उठून, ताईने इतक्या वेळा गाडी थांबवायला लावून, बघायचं काय तर पांढरं.

बाबा गप्प झाले. ते गप्प झाले की आम्ही सगळेच गप्प व्हायचो. आणि त्या गप्प वेळात मी, का कोण जाणे, ओरडले. स्वतःचंच नाव. समोरून ते परत आलं.

बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “पुन्हा ओरड. मी हात खाली केला की.” मी ओरडले. मग ताई ओरडली. मग आई ओरडली. आईला इतक्या मोठ्याने ओरडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. सगळ्यांचे मिळून आठ-दहा वेळा आवाज मोजले आणि बाबांनी ठरवलं: दोन सेकंद. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. दोन सेकंदांत 680 मीटर. पण तो जाऊन परत आला, म्हणजे निम्मं. “समोरचा कडा इथून 340 मीटरवर आहे,” बाबा पांढऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. आजीने त्या दिशेने मान डोलावली, जणू तिला तो दिसलाच.

मला आजही विचाराल की त्या कड्यावर काय बघितलंस, तर मी सांगेन, तो 340 मीटरवरचा कडा. न दिसलेला. पुढे आयुष्यात बरेच कडे स्वच्छ उन्हात बघितले. त्यातला एकही इतका नेमका डोळ्यांपुढे येत नाही.

मग छत्रीचं झालं.

आजीने छत्री उघडली होती. दरीतून एकदम झोत आला. कड्यावर आपटलेला वारा भिंत चढून वर येतो. त्यामुळे हातातून सुटलेली छत्री खाली न पडता आधी आमच्या डोक्यांवरून वर गेली, क्षणभर तिथेच तरंगली आणि मग पांढऱ्यात विरून गेली. पडल्याचा आवाजही नाही. आजी तिच्याकडे बघत म्हणाली, “गेली बाई सुखाने.”

इथून पुढे आमच्या घरात पक्ष पडतात. छत्री काळी होती, असं आई म्हणते. ताई म्हणते, फुलांची होती. मला ती गडद लाल आठवते आणि मी त्यावर ठाम आहे. ती आजीच्या हातातून सुटली की आजीने ती ताईला धरायला दिली होती, यावरून एकदा जेवणाच्या पानावरून कुणीतरी उठून गेलेलं आहे. कोण ते सांगत नाही. आणि सगळ्यात मोठा वाद, धुकं उघडलं की नाही. आई म्हणते, छत्री गेल्यावर थोड्या वेळाने धुकं फाटलं आणि खाली नदीचं वळण दिसलं. ताई म्हणते, काही फाटलं नाही, आपण तसेच परत फिरलो. मी त्या वेळी बुटाची नाडी बांधत होते.

धाकट्याची कमाल अशी की तोही या वादात हिरिरीने भाग घेतो. छत्री उडताना त्याने पाहिली, नदीसुद्धा पाहिली. दीड वर्षाचा होता! माणसाच्या अगदी पहिल्या आठवणी साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात. त्याआधीचं पुढे टिकत नाही. पण त्याला खोटारडा म्हणण्यात अर्थ नाही. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकारी जॅकलिन पिकरेल यांनी 1995 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 24 जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन घरच्यांकडून कळलेले, खरे. चौथा रचलेला: लहानपणी तू एका मोठ्या खरेदी-केंद्रात हरवला होतास. सुमारे पाव जणांना हा न घडलेला प्रसंग थोडाफार तरी ‘आठवला’. आमच्या धाकट्याने तर छत्रीची गोष्ट वर्षातून चार वेळा, तीन वेगवेगळ्या रंगांत ऐकली आहे. त्याच्या आठवणीतली छत्री कुठल्या रंगाची, म्हणून विचारलं तर तो चतुराईने म्हणतो, “ओली होती.”

फोटो असते तर निकाल लागला असता. बाबा तर दिवसभर फोटो काढत होते. घाटातले, पाटीपाशी, कठड्यापाशी पांढऱ्यात उभे असलेले आम्ही. 36 फोटोंचा रोल. एरवी ते फार जपून खटका दाबायचे. एका सहलीला एक रोल, आणि शेवटचे चार घरी परतताना ‘लागले तर’ म्हणून राखलेले. त्या दिवशी छत्तीसावा झाला तरी पुढची फ्रेम ओढायची कळ अडली नाही. सदतीस. अडतीस. बाबा खूश. “या वेळी दोन जास्त मिळाले!”

रोलचे कॅमेरे वापरलेल्या श्रोत्यांच्या आत्ताच लक्षात आलं असेल. रोल भरताना फिल्मचं टोक समोरच्या चक्रीच्या खाचेत नीट अडकलं नाही, तर कळ ओढत राहते, आकडा वाढत राहतो, खटक्याचा आवाजही येतो आणि आत फिल्म जागच्या जागी. ओळखायची खूण एवढीच, की कळ ओढताना डाव्या बाजूची गुंडाळायची मूठही फिरायला हवी. ती फिरत नसेल तर समजावं. बाबांना हे रोल धुऊन कोरा परत आल्यावर समजलं. त्यांनी ती कोरी पट्टी खिडकीशी धरून टोकापासून टोकापर्यंत बघितली. कुणी काही बोललं नाही. आजी तेवढी म्हणाली, “धुक्याचेच फोटो ते, असेच यायचे.”

2014 साली लिंडा हेंकेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मला बाबांची ती पट्टी आठवली. हेंकेल यांनी लोकांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. कॅमेऱ्याने बघितलंय ना, मग मी कशाला लक्षात ठेवू, असं काहीसं मनाचं होत असावं. गंमत म्हणजे एखाद्या वस्तूच्या एकाच भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तर मात्र आठवणीचं तेवढं नुकसान झालं नाही. आता माझ्या फोनमध्ये एकेका सहलीचे चारचारशे फोटो आहेत. त्यातले किती मी पुन्हा पाहिले, हे मला विचारू नका.

मात्र फोटोच काढू नका, असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. आजी नंतर फार वर्षं राहिली नाही. त्या कड्यावरचा तिचा एक फोटो मिळाला असता तर मी छत्रीचा वाद आनंदाने हरले असते.

परतीचा प्रवास लवकर संपल्यासारखा वाटला. तो तसाच वाटतो, पुष्कळांना. नील्स व्हॅन डी व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली हे तपासलं होतं. रस्ता ओळखीचा झाला म्हणून असं होतं, असा आपला समज. त्यांना तसं आढळलं नाही. जाताना आपण उगाच आशावादी असतो, वाटलं त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे परतताना मनाची लांब प्रवासाची तयारी झालेली असते, आणि रस्ता त्यापेक्षा आधी संपतो. मला त्या परतीतलं एवढंच आठवतं, की ताई पुढच्या सीटवर बसून लांब डोंगराकडे बघत होती आणि पायथ्याला आल्यावर मागे वळून आई म्हणाली, “बघा, आता माथा मोकळा झाला.” आम्ही बघितलं. अगदी निळा, स्वच्छ. बाबांनी गाडी थांबवली, पण कुणीच ‘परत जाऊ या’ म्हटलं नाही.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना बाबांची ती वही सापडली. मला वाटलं, आता लागला निकाल. त्या तारखेचं पान काढलं. पायथा 31. माथा 25. ताईच्या अक्षरात भागाकार. त्याखाली ‘आवाज: 2 से., कडा 340 मी.’ आणि कोपऱ्यात, पेन्सिलीने, पुसट: ‘पाटी बरोबर होती.’ धुकं उघडल्याचं काही नाही. छत्रीचं नावही नाही.

हे भाषण आत्ता आमच्या घरी रेडिओवर चालू असणार. आईने आवाज मोठा केला असेल. ताई तिच्या घरी ऐकते आहे, तिने तसं कळवलं आहे. मी इथून बाहेर पडून फोन चालू केला की पहिला फोन तिचाच येणार, आणि ती ‘हॅलो’सुद्धा म्हणणार नाही. म्हणेल, “फुलांची होती.”

नमस्कार.