भिंतीपाशी सोडायची फट

नमस्कार श्रोतेहो. घरच्या घरी लॅमिनेटची, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या तयार पट्ट्यांची जमीन करायची, तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा. ही जमीन खाली कशालाही चिकटवायची नाही, खिळे मारायचे नाहीत. पट्टी पट्टीत खटकन अडकते आणि सगळी जमीन खाली अंथरलेल्या फोमच्या पातळ थरावर नुसती टेकलेली राहते. म्हणून चारही भिंतींपासून 10 मिलिमीटर फट सोडायची. पुन्हा सांगतो, 10 मिलिमीटर, चारही बाजूंनी आणि दाराच्या चौकटीपाशीसुद्धा.

का, ते आमच्या कोथरूडच्या इमारतीतल्या काकांच्या घरी पाहिलं. काका पिंपरीच्या कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले, हात अतिशय नेमका. मे महिन्यात त्यांनी स्वतः बेडरूमची जमीन केली. "फट ठेवायची म्हणजे काम अर्धवट," असं म्हणत प्रत्येक पट्टी भिंतीला अशी भिडवली की मधे पोस्टकार्ड जाणार नाही. दिसायला देखणी!

जुलैत झड लागली. एका दुपारी काका धावत खाली आले. काकू बेडरूममध्ये, दार आत उघडणारं आणि ते चार बोटांपुढे सरकेना. दारामागे जमीन उचलली गेली होती. फटीतून पाहिलं तर दोन पट्ट्यांचा सांधा चांगला वर आलेला. आम्ही ढकलतोय, दार कुरकुरतंय. शेवटी काकूच आतून म्हणाल्या, "थांबा, मी त्या उंचवट्याशेजारी उभी राहते, मग ढकला." त्या उभ्या राहिल्या, जमीन दबली, दार सरकलं, आणि तिकडे खिडकीखाली दुसरा फुगा वर आला. इथे दाबलं की तिथे वर.

पट्टीचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. दमट हवेत तो फुगतो, आणि भिंत काही मागे सरकत नाही. सुताराने स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली फळी, काढून कडेची पट्टी भिंतीलगत कापली. कापता कापता कट्‌ असा आवाज झाला आणि मधला फुगवटा निम्मा खाली बसला. उरलेला दोन-चार दिवसांत बसला. एकही पट्टी बदलावी लागली नाही.

बाकीचं थोडक्यात. खोकी न उघडता 48 तास त्याच खोलीत आडवी ठेवा. खालच्या जुन्या जमिनीवर 2 मीटरची सरळ दांडी आडवी ठेवा; तिच्याखाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त खोलगट भाग दिसला, तर आधी तो भरून घ्या. सिमेंटच्या कोब्यावर आधी प्लास्टिक, मग फोम. एका ओळीचा सांधा पुढच्या ओळीच्या सांध्यापासून किमान 30 सेंटिमीटर लांब. ठोकताना मधे लाकडी ठोकळा धरा. स्कर्टिंग भिंतीला बसवा, जमिनीला नाही.

आणि बंद करून खोलीत घेतलेल्या बाल्कनीत हे मुळीच करू नका, पावसाची झड तिथे आत येतेच. खरं तर बाल्कन्या बंद करणंच मला पटत नाही. पुण्यात संध्याकाळी इतका छान वारा असतो, आणि आपण तिथे कपाटं ठेवतो!

पुसताना फडकं घट्ट पिळून घ्या, बादलीभर पाणी ओतू नका. आणि फट 10 मिलिमीटर. नमस्कार.