कपाटाची किल्ली आणि पार्क स्ट्रीटवरील शाळा

श्रोतेहो, आज २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणातील तो नवा परिणाम दिसला, हे आपल्या सोलापुरातल्या सातवी-आठवीच्या मुलांनाही पाठ असते. ज्या संस्थेत रामन यांना तो दिसला, तिच्या उभारणीची वाट मात्र कलकत्त्यातल्या एका जुन्या कॅथलिक शाळेच्या गच्चीवरून जाते, आणि ती हकिकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. आज मी त्या शाळेविषयी बोलणार आहे.

पार्क स्ट्रीटवरील सेंट झेवियर्स ही शाळा आणि तिचे महाविद्यालय १८६० साली फादर डेपेल्चिन आणि त्यांच्या बेल्जियन जेझुइट सहकाऱ्यांनी उभे केले. जागा होती आगीत जळालेल्या एका इंग्रजी नाट्यगृहाची. त्याच वर्षी आपल्या सोलापुरात आगगाडी येऊन पोचली, असे म्हटले म्हणजे काळाचा अंदाज येईल. पाच वर्षांनी, १८६५ च्या डिसेंबरात, फादर युजीन लाफाँ हे अठ्ठावीस वर्षांचे बेल्जियन धर्मगुरू तेथे विज्ञान शिकवायला आले. विज्ञान फळ्यावर लिहून सांगण्याचा विषय नसून समोर करून दाखवण्याचा आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि त्या काळच्या आपल्या देशात ती नवीनच होती.

त्यांनी जमवलेल्या उपकरणांत वायुदाबमापक होता. याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण मी आयुष्यभर तो वर्गात दाखवला आहे. एका टोकाने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच वाटीत उलटी उभी केली, की सगळा पारा खाली सांडत नाही; वाटीवर दाबणारी हवा त्याला तोलून धरते. समुद्रकाठी हा स्तंभ साधारण ७६ सेंटीमीटर उंच राहतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळे येथे तो ७२ च्या जवळपास थांबतो, आणि पुस्तकात ७६ वाचून आलेली मुले दरवर्षी आपले काहीतरी चुकले असे समजून पट्टी पुन्हा लावून पाहतात. त्यांची ती धडपड पाहणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा आनंद होता. वादळ जवळ येऊ लागले की हवेचा दाब उतरतो आणि पाराही उतरतो. १८६७ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यावर चक्रीवादळ चालून आले, तेव्हा लाफाँ यांच्या नोंदींवरून त्याची चाहूल लागली आणि लोकांना इशारा देता आला. त्यानंतर शहर या शिक्षकाचे ऐकू लागले.

लाफाँ यांनी आपली उपकरणे शाळेच्या भिंतीआड ठेवली नाहीत, आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ते गावातल्या सर्वांसाठी सप्रयोग व्याख्याने देत. १८७४ च्या डिसेंबरात शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना इटालियन खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी वेध घेतले, आणि पुढच्याच वर्षी महाविद्यालयावर वेधशाळा उभी राहिली. डॉ. महेंद्रलाल सरकार हे भारतीयांनी भारतीयांसाठी चालवायच्या विज्ञानसंस्थेचे स्वप्न घेऊन दारोदार फिरत होते, तेव्हा हा परदेशी धर्मगुरू त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि १८७६ साली ती संस्था निघाल्यावर अनेक वर्षे तेथे शिकवत राहिला. रामन यांना आपले संशोधन करता आले ते याच संस्थेत.

आता त्यांच्या एका विद्यार्थ्याकडे वळतो. जगदीशचंद्र बसू यांचे वडील सरकारी अधिकारी होते. इंग्रजी शाळा त्यांना परवडली असती. तरी त्यांनी मुलाला आधी बंगाली पाठशाळेत घातले, कारण माणसाने परकी भाषा शिकण्यापूर्वी आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत असे त्यांचे मत होते. तेथे बसूंच्या शेजारी वडिलांच्या मुसलमान नोकराचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा बसत. शाळा सुटल्यावर हे सवंगडी घरी आले की आई सर्वांना सारखेच खाऊ घाली. त्यानंतर वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास बसू सेंट झेवियर्समध्ये आले आणि पुढे तेथेच महाविद्यालयात लाफाँ यांच्यापाशी भौतिकशास्त्र शिकले. विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवणारा शास्त्रज्ञ या दोन्ही शाळांनी मिळून घडवला आहे.

माझ्या घरी तेलुगू बोलत. दिवसभर मागाचा खडखडाट, आणि त्यातून वर आवाज काढून आई हाका मारी. गल्लीत कन्नड, शेजारी उर्दू आणि शाळेत मराठी. आजचे पालक मला विचारतात, ‘सर, पोराला कॉन्व्हेंटात घालू का?’ मी त्यांना कधी नको म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की तिथल्या बाई पोराकडे बघतात का, ते आधी बघून या. याच सेंट झेवियर्समध्ये रवींद्रनाथ ठाकूर काही काळ होते. शाळा त्यांना कधीच मानवली नाही, आणि हीही फार दिवस टिकली नाही. पण फादर डी पेनेरांडा यांची आठवण त्यांनी जन्मभर जपली. लिहिण्याच्या तासाला या मुलाची लेखणी चालत नाही, हे पाहून फादर मागे थांबले, वाकले, पाठीवर हात ठेवला आणि बरे वाटत नाही का, असे हळूच विचारले. शिकवणे म्हणून त्यांनी त्या क्षणी काहीच शिकवले नव्हते.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या शाळेत प्रयोगशाळेचे कपाट फक्त तपासणीच्या दिवशी उघडत असे. भिंगांवर धूळ, पाऱ्याच्या बाटलीचे बूच घट्ट बसलेले, आणि फुटले तर भरपाई कोण देणार या धास्तीने किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. तिसऱ्या वर्षी मी ती मागून घेतली आणि भरपाई माझ्या पगारातून कापा असे लिहून दिले. नऊ वर्षांत दोन परीक्षानळ्या आणि एक लोलक, एवढेच फुटले.

आज येथे शहरातल्या वीसेक शाळांचे विज्ञानशिक्षक बसलेले आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, त्यांनी महिन्यातला एक शनिवार, दुपारी चारनंतर, ती पूर्व भागातल्या ज्या शाळांत साधे भिंगसुद्धा नाही त्यांच्या मुलांसाठी उघडावी, अशी माझी मागणी आहे. दाराशी एक वही ठेवली आहे. जाताना शाळेचे नाव आणि शनिवार लिहून जावे. पहिल्या शनिवारी वायुदाबमापक घेऊन मी स्वतः येईन.