तीस लाखांनंतरचे तीन लाख

मित्रहो, आज 'डॅझल शिप्स' या अल्बमबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव निघालं की आधी 'तो पडला' हेच सांगितलं जातं. माझं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीपलीकडे विरल नावाचा भाग आहे. अँडी मक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज हे तिथले मित्र. त्यांचा बँड 'ऑर्केस्ट्रल मनुव्हर्स इन द डार्क', म्हणजे ओएमडी. १९८१ साली त्यांचा 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी' आला. मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डचे प्रार्थनेसारखे सूर आणि फ्रान्सची वीरांगना जोन ऑफ आर्क हिच्यावर चक्क दोन गाणी. तीन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत गेली, अल्बम तीस लाखांवर खपला. पुढचाही असाच हवा, असं सगळ्यांना वाटणं साहजिक होतं.

मार्च १९८३मध्ये आला 'डॅझल शिप्स'. सुई टेकवली की पहिल्यांदा गाणं नाहीच, ऐकू येते ती प्राग रेडिओची ओळखधून. रात्री सिलोन शोधताना शॉर्टवेव्हचा काटा मध्येच कुठल्या तरी अनोळखी भाषेवर अडकायचा, ते आठवतंय ना? तोच अनुभव. (आपल्या आकाशवाणीची धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमनही प्राग ज्या प्रांतात आहे त्या बोहेमियात जन्मलेले, प्रागला शिकलेले. मला हा धागा फार आवडतो.)

'इंटरनॅशनल' हे गाणं सुरू होतं ते बातमीने: निकाराग्वातल्या एका मुलीचे हात तिथला हुकूमशहा सोमोझाच्या माजी सैनिकांनी मनगटापासून तोडले. निवेदिकेचा आवाज सपाट. आणि तिच्यामागून हळूच एक संथ, झुलती चाल येते. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवावं लागलं. शीतयुद्धाच्या काळात पॉप संगीतवाले इतकं उघडं दुःख असं क्वचितच मांडत.

नावही बंदरातूनच आलंय. पहिल्या महायुद्धात जहाजांवर काळे-पांढरे तिरपे पट्टे रंगवत. हीच 'डॅझल शिप्स'. जहाज लपवणं हा हेतू नव्हताच. ते कुठल्या दिशेला, किती वेगाने चाललंय याचा पाणबुडीला अंदाज चुकावा, एवढंच. चित्रकार एडवर्ड वॉड्सवर्थ लिव्हरपूलच्या गोदीत या कामावर देखरेख करत होता. १९१९मध्ये त्याने अशाच एका जहाजाचं चित्र काढलं आणि त्याच चित्रावरून अल्बमचं नाव पडलं.

ब्रिटनच्या यादीत अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, पण खप जेमतेम तीन लाख. त्यातलं 'जेनेटिक इंजिनिअरिंग' हे गाणं विसाव्यावर थांबलं, 'टेलिग्राफ' बेचाळिसाव्यावर. दोष होतेच. गाणी कमी पडली होती. आधीच्या सिंगल्सच्या मागच्या बाजूची दोन गाणी इथे पुन्हा घेतली आहेत. पण मला खरी हळहळ वाटते ती पुढची. हे दोघे घाबरले. १९८४च्या 'जंक कल्चर'मध्ये ते पुन्हा सरळ पॉपकडे वळले, त्यातलं 'लोकोमोशन' पहिल्या पाचांत गेलंही. गाणं गोड आहे. पण प्रागची ती धून ऐकून जे दार उघडलं होतं, ते त्यांनी इतक्या लवकर लावून घ्यायला नको होतं.

आता याच अल्बममधलं 'टाइम झोन्स' लावतो. दोन मिनिटांचंही नाही. वेगवेगळ्या देशांतली टेलिफोनवरची बोलकी घड्याळं आपापल्या भाषेत वेळ सांगतायत, एकमेकांवर चढत. मागचे दिवे घालवा कुणीतरी.