हा तोच का?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचे आहे ते एकेक वन्य प्राणी वेगळा ओळखून त्याची नोंद ठेवण्याविषयी.

१९५६ सालच्या डिसेंबरात प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर चॅन्डलर रॉबिन्स या पक्षितज्ज्ञांनी घरट्यावर बसलेल्या, लेसन आल्बट्रॉस जातीच्या एका समुद्रपक्षी मादीच्या पायात धातूचे कडे घातले आणि त्यावरचा क्रमांक वहीत उतरवून घेतला. त्या मोसमात अशी कडी पुष्कळ पक्ष्यांच्या पायांत चढली होती, त्यामुळे या एका मादीची आठवण ठेवण्याचे काही कारण नव्हते. पुढे २००२ मध्ये, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी, रॉबिन्स पुन्हा त्याच बेटावर आल्बट्रॉस हाताळत होते. त्या वेळच्या एका मादीच्या कड्याचा क्रमांक जुन्या नोंदींशी ताडून पाहत ते मागे मागे गेले, तेव्हा उलगडा झाला की ही तीच मादी आणि तिच्या पायात पहिले कडे घालणारा हातही आपलाच. आल्बट्रॉस पक्षी वयाच्या पाचव्या वर्षाआधी सहसा अंडे घालत नाही, म्हणजे १९५६ मध्ये ती निदान पाच वर्षांची असणार. आज जग तिला विस्डम या नावाने ओळखते आणि २०२४च्या अखेरीस, सत्तरी केव्हाच ओलांडलेली असताना, तिने पुन्हा अंडे घातले.

या गोष्टीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा माणूस निनावी आहे. खाऱ्या वाऱ्यात आणि वाळूत कडी झिजतात, त्यामुळे मधल्या काळात विस्डमच्या पायातले कडे अनेकदा बदलले गेले. प्रत्येक वेळी नव्या क्रमांकाशेजारी जुना क्रमांक लिहिण्याचे कंटाळवाणे काम कुणीतरी न चुकता केले. एकाने जरी ते टाळले असते, तर साखळी तिथेच तुटली असती आणि त्या वर्षापासून एक नवाच पक्षी जन्माला आला असता, अर्थात फक्त कागदावर.

पक्ष्यांच्या पायात क्रमांकित कडे घालण्याची पद्धतशीर सुरुवात १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या एका शिक्षकांनी, हान्स मॉर्टेनसेन यांनी केली. परंतु देवमाशाला कडे घालता येत नाही आणि वाघाला त्यासाठी बेशुद्ध करणे प्रत्येक वेळी शक्य नसते, योग्य तर नसतेच. तिथे प्राण्याच्या अंगावरच्या जन्मजात किंवा जखमांनी उमटलेल्या खुणाच वाचाव्या लागतात. रेडिओवर पट्टे आणि ठिपके दाखवण्याची सोय नाही, तेव्हा श्रोत्यांनी थोडी कल्पनाशक्ती उसनी द्यावी. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या ओळी असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक सिंहात वेगळी असते. हत्तीच्या कानांच्या कडा फाटलेल्या, खाचा पडलेल्या असतात. केनियातल्या अंबोसेलीमध्ये १९७२ पासून सिंथिया मॉस आणि त्यांचे सहकारी याच खुणांवरून हत्ती ओळखत आले आहेत. इंग्लंडमध्ये स्लिमब्रिज येथे हिवाळ्यात उतरणाऱ्या ब्यूइक हंसांच्या चोचीवरची काळी-पिवळी नक्षी पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून हंसागणिक चितारून ठेवली, तीही एकेक चेहरा रेखाटून.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओर्का या समुद्री प्राण्यांचे काय झाले, ते मात्र जरा सविस्तर सांगायला हवे. १९६०च्या दशकात मत्स्यालयांसाठी तिथले ओर्का पकडून नेले जात आणि हे प्राणी समुद्रात अफाट आहेत, अशी सर्वसाधारण समजूत होती. १९७०च्या दशकात मायकेल बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओर्कांच्या पाठीवरचा उंच पर आणि त्यामागचा खोगिरासारखा करडा डाग यांची छायाचित्रे जमवली, तेव्हा असे आढळले की पराच्या कडेवरच्या खाचा आणि त्या डागाचा आकार यांवरून प्रत्येक ओर्का निराळा ओळखता येतो. तेच तेच चेहरे पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले आणि अफाट वाटलेली संख्या काही शेंवर आली. नोंदी जसजशा साठत गेल्या तसतसे आणखी एक सत्य दिसू लागले, जे नुसत्या मोजणीतून कधीच दिसले नसते: किनाऱ्याजवळच राहणाऱ्या या ओर्कांमध्ये मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईची सोबत सोडत नाहीत. २०१८ मध्ये एका मादीने आपले मेलेले पिल्लू १७ दिवस पाण्यात वाहून नेले, ही बातमी जगभर गेली. त्या मादीचा जे-३५ हा क्रमांक, तिचा कळप आणि तिचे नातेसंबंध त्याच दिवशी सांगता आले, ते या छायाचित्रांच्या नोंदवहीमुळेच.

छायाचित्रे शंभर असतात तोवर माणसाचे डोळे पुरतात. ती लाखांवर गेली की संगणक लागतो. व्हेल शार्कच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि ते आकाशातल्या ताऱ्यांसारखे दिसतात, हे कुणालाही सुचेल. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत मात्र ही उपमा अक्षरशः खरी करून दाखवण्यात आली. दोन आकाशचित्रांतले तारे जुळवण्यासाठी खगोलशास्त्रात आधीपासून एक गणिती रीत होती. तीन-तीन बिंदू घेऊन त्रिकोण पाडायचे आणि सारखे त्रिकोण शोधायचे, कारण चित्र लहान-मोठे झाले किंवा फिरले तरी त्रिकोणाच्या कोनांत फरक पडत नाही. हीच रीत माशाच्या कल्ल्यांमागच्या ठिपक्यांना लावली गेली आणि पाणबुड्या पर्यटकांनी काढलेली छायाचित्रेही नोंदीत सामावता येऊ लागली. आज झेब्रा, जिराफ, देवमासे, मांटा मासे अशा अनेक प्राण्यांसाठी अशी संगणकीय व्यवस्था आहे. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे की यंत्र बहुधा संभाव्य जुळणाऱ्यांची यादी पुढे ठेवते आणि शेवटचा शब्द माणसाला उच्चारावा लागतो.

तो शब्द चुकला तर काय होते? वाघांच्या गणनेचे उदाहरण घेऊ. भारतात पूर्वी पाऊलखुणांवरून वाघ मोजत. पुढे कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र काढणाऱ्या कॅमेऱ्याने, टिपलेल्या पट्ट्यांवर भर आला. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे मिळवली गेली आणि त्यांतून २,४६१ वाघ स्वतंत्रपणे ओळखले गेले. वाघाच्या उजव्या आणि डाव्या कुशीवरचे पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. एकच कूस टिपली गेली तर एकाच वाघाचे दोन वाघ होऊ शकतात. न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाजही ओळख पटलेल्यांवरूनच बांधला जातो. समजा, पहिल्या फेरीत २० प्राणी दिसले, दुसऱ्या फेरीतही २० दिसले आणि त्यांतले १० पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे पहिल्या फेरीत आपण एकूण प्राण्यांपैकी सुमारे निम्मे पाहिले होते आणि एकूण संख्या ४०च्या आसपास असावी. आता त्या १० ओळखीच्या प्राण्यांपैकी ४ आपल्याला ओळखता आले नाहीत आणि आपण ते नवे म्हणून लिहिले, असे धरा. त्याच हिशेबाने संख्या ६७ होते. जंगलात एकही प्राणी वाढलेला नाही. वाढ झाली ती आपल्या नजरचुकीची.

ही भीती कल्पनेतली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राणिसंग्रहालयांतल्या १६ हिमबिबट्यांची छायाचित्रे निरीक्षकांपुढे ठेवली होती. कोणता प्राणी कोणता, हे आयोजकांना ठाऊक होते, निरीक्षकांना नव्हते. सुमारे १२.५ टक्के वेळा ओळख चुकली आणि त्या चुकांमुळे अंदाजित संख्या सरासरीने जवळजवळ एकतृतीयांशाने फुगली. दोन प्राण्यांना एक समजण्यापेक्षा एकाचे दोन करण्याकडे माणसाचा कल अधिक दिसला. दुर्मिळ प्राण्याच्या बाबतीत ही चूक विशेष घातक ठरते, कारण आकडा आनंद देणारा असल्यामुळे तो पुन्हा तपासून पाहण्याची घाई कुणाला नसते.

म्हणूनच डिजिटल नोंदवहीत ‘खात्री नाही’ असे लिहिण्याचा रकाना असावा आणि तो वापरायची लाज वाटू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मूळ छायाचित्र कापछाट न करता जपलेले असावे. ओळख कुणी पटवली, कोणत्या खुणेवरून आणि कधी, हे लिहिलेले असावे. पुढे दोन प्राणी एकच ठरले तर दोन्ही क्रमांक परस्परांशी जोडून ठेवावेत, पण रद्द झालेला क्रमांक दुसऱ्या प्राण्याला कधीही देऊ नये. कॅमेऱ्याच्या घड्याळाची गोष्ट तर विचारूच नका. बॅटरी बदलताना तारीख मागे गेली आणि ती तशीच राहिली, तर काल दिसलेला प्राणी काही वर्षांपूर्वीचा होऊन बसतो, आणि त्याच्या पिल्लांचे वय त्याच्याहून जास्त निघेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

नाव द्यावे की क्रमांक, यावर पुष्कळ वाद झाला आहे. १९६० मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात काम सुरू केलेल्या जेन गुडाल यांनी चिंपांझींना नावे दिली, तेव्हा ते अशास्त्रीय असल्याची टीका झाली होती. माझ्या दृष्टीने हा वाद गौण आहे. नाव लक्षात राहते, क्रमांक शोधायला सोपा जातो, दोन्ही ठेवावेत आणि पुढच्या कामाला लागावे.

धोका आहे तो दुसरीकडे. प्राणी केव्हा कुठे असतो, हे ज्या नोंदीतून अभ्यासकाला कळते त्याच नोंदीतून शिकाऱ्यालाही कळू शकते. २०१३ मध्ये भारतात एका वाघाच्या गळ्यातल्या, त्याचे ठिकाण कळवणाऱ्या रेडिओ कॉलरची माहिती ज्या ई-मेल खात्यावर येत असे, ते खाते परस्पर उघडण्याचा प्रयत्न झाला होता. हौशी पर्यटकाने मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रातही अनेकदा अक्षांश-रेखांश दडलेले असतात. त्यामुळे अशा नोंदी सर्वांसाठी खुल्या करताना ठिकाण मुद्दाम ढोबळ ठेवणे किंवा तारीख उशिरा जाहीर करणे आवश्यक असते.

शेवटी मृत्यूच्या नोंदीविषयी. बहुतेक वन्य प्राणी कुणाच्या नजरेसमोर मरत नाहीत, त्यामुळे प्रामाणिक नोंदवहीत मृत्यूची तारीख क्वचितच सापडते. सापडते ती अखेरची भेट कधी झाली याची तारीख. प्राणी मेला की निघून गेला, की आहे तिथेच असून आपल्याला दिसला नाही, हे एका नोंदीवरून ठरवता येत नाही. अनेक प्राण्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र आल्या, म्हणजेच दरवर्षी किती जगतात आणि जगलेल्यांपैकी किती नजरेस पडतात, हे वेगवेगळे काढता येते. विस्डमचा दीर्घकाळचा जोडीदार अकेआकामाई गेली काही वर्षे मिडवे बेटावर दिसलेला नाही. विस्डमने नवा जोडीदार धरला आहे. अकेआकामाईच्या नावापुढे मात्र अजून एवढेच म्हणता येते की तो बराच काळ दिसलेला नाही.