सापळ्यात सापडतात फक्त नर

पहाटेच्या दवाने भिजलेली कपाशीची पऱ्हाटी दोन्ही हातांनी बाजूला सारत एक शेतकरी गुलाबी बोंडअळीच्या पतंगांसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यापाशी येतो, खाली लोंबणाऱ्या पिशवीचे तोंड सोडतो आणि आत अडकलेले करडे पतंग तळहातावर घेऊन मोजू लागतो. काल ८ होते, आज ९ आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातले हे शेत, महिना सप्टेंबरचा.

गुलाबी बोंडअळीचे बहुतेक आयुष्य नजरेआड जाते. मादी पाती म्हणजे कळ्या, फुले आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते; अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. बाहेरून हिरव्यागार दिसणाऱ्या बोंडात ती सरकी खात असते. सापळ्यातला गंध मादीचा, म्हणून त्याला भुलून येतात ते फक्त नर. मादीची नोंद वहीत होतच नाही.

काही घटना दिसतात, काही लपून राहतात आणि तरीही पुढची मोठी घटना आधीच ओळखायची असते. शाहिका गेंच आणि स्टेफान लाफॉर्च्यून या संशोधकांनी २००९ मध्ये अशा व्यवस्थांसाठी गणिती कसोटी मांडली. दिसलेल्या घटनांची नोंद तंतोतंत सारखी असलेल्या दोन वाटांपैकी, म्हणजे घटनाक्रमांपैकी, एक त्या घटनेच्या उंबरठ्यावर असेल आणि दुसरी तिला कायमची टाळून पुढे जाऊ शकत असेल, तर खात्रीचे भाकीत शक्य नाही.

आता ही वही पाहा. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग, ही शास्त्रज्ञांनी ठरवलेली धोक्याची पातळी आहे. पण एका शेतातले नर तिथल्याच पिकावर वाढलेले असतील, तर दुसऱ्यातले जवळच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या, आवारातून उडून आलेले. आकडा दोन्हीकडे एकच. वाटा वेगळ्या करायच्या, तर आणखी काही दिसले पाहिजे. त्यासाठी एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावी लागतात.

अंदाज चुकला तर दोन्हीकडून फटका बसतो. २०१७ मध्ये अळीने विदर्भातली बोंडे पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले.

विळ्याचे टोक बोंडाच्या शिवणीत शिरते. पांढरा, ओला कापूस. पुढचे बोंड, तेही स्वच्छ. अकराव्यात सरकीला चिकटून एक अळी वळवळते, अठराव्यात दुसरी. पतंगांच्या रकान्याशेजारी त्याने स्वतः पट्टीने आखलेला रकाना आहे. त्यात तो २ लिहितो आणि बांधावरचा पंप उचलतो.